हॅम्बुर्ग विमानतळाचे भुयारी एस-बान स्थानक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम्बुर्गला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला येणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एप्रिल आणि ऑक्टोबरात विद्यापीठांची सत्रे सुरू होतात तेव्हा विद्यार्थी विचारतात, उन्हाळ्यात आई-वडिलांना बोलावणारे विचारतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ५ आणि ६ तेवढे नक्की वाचा. शहर ते विमानतळ या एस-बान (म्हणजे इथली लोकल) मार्गावर विमान चुकण्याचा खरा धोका तिथेच आहे.

१. विमानातून उतरल्यावर गाडी कुठे मिळते? बाहेर पडून लांब चालावे लागते का?

नाही. स्थानक टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्या समोरच, जमिनीखाली आहे. सामान घेऊन बाहेर आलात की हिरव्या वर्तुळात पांढरा 'एस' अशी खूण शोधा आणि तिच्या मागे जा. सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. खाली एकच फलाट आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रूळ. इथे फक्त एस-१ ही एकच लाइन येते आणि इथेच संपते, त्यामुळे फलाटावर उभी असलेली कोणतीही गाडी शहराकडेच जाणार. परक्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. येताना चुकायला जागाच नाही. चूक होते ती जाताना.

लांब पल्ल्याच्या गाड्या, म्हणजे आयसीई वगैरे, या स्थानकात येत नाहीत. त्यांच्यासाठी मुख्य स्थानकाला, म्हणजे हाउप्टबानहोफला जावे लागते.

२. शहरात पोहोचायला किती वेळ लागतो? गाड्या किती वेळाने असतात?

हाउप्टबानहोफपर्यंत साधारण २५ मिनिटे. दिवसभर दर १० मिनिटांनी गाडी असते, रात्री उशिरा हे अंतर वाढते. पहिला थांबा ओल्सडॉर्फ. तिथून र्यूबनकाम्प, आल्टे व्योर, बार्मबेक, फ्रीडरिक्सबेर्ग, वांड्सबेकर शोसे, हासलब्रूक, लांडवेर, बर्लिनर टोर आणि मग हाउप्टबानहोफ. पुढे हीच गाडी शहराखालच्या बोगद्यातून युंगफर्नश्टीग, लांडुंग्सब्र्यूकन, रीपरबान करत आल्टोनाला आणि तिथून ब्लांकनेझमार्गे वेडलकडे जाते. या टापूत घर असेल तर गाडी बदलायची गरजच नाही.

३. तिकीट कुठे काढायचे? आत शिरताना गेट तर कुठेच दिसले नाही.

गेट नाहीतच. हॅम्बुर्गच्या एस-बान आणि यू-बानमध्ये (म्हणजे मेट्रोत) सरळ फलाटावर जाता येते. पण याचा अर्थ तपासणी होत नाही असा घेऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस चालत्या गाडीत ओळखपत्र दाखवून तिकीट मागतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो भरावे लागतात. 'मी आजच आलोय, मला माहीत नव्हते' हे कारण चालत नाही.

तिकीट एचव्हीव्ही या वाहतूक संघटनेचे असते. एकच तिकीट एस-बान, यू-बान, बस आणि बंदरातल्या फेरीबोटींनाही चालते. विमानतळ आणि शहराचा बहुतेक भाग 'ए-बी' क्षेत्रात येतो, म्हणून साधे ए-बी तिकीट घ्या. विमानतळासाठी वेगळा अधिभार नाही. यंत्रावर रोख आणि कार्ड दोन्ही चालते, भाषा इंग्रजी करता येते, किंवा एचव्हीव्हीचे ॲप वापरा. यंत्रातून निघालेले तिकीट लगेच लागू होते, त्यावर वेगळा शिक्का मारावा लागत नाही. जर्मनीतल्या काही दुसऱ्या शहरांत मारावा लागतो, त्यामुळे म्युनिकहून आलेले लोक इथे शिक्क्याचे यंत्र शोधत राहतात.

६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी बालतिकीट असते.

४. आई-बाबा दोन महिन्यांसाठी येताहेत. त्यांना डॉइचलांडटिकिट काढून देऊ का?

ते इथे असताना रोज फिरणार असतील तर जरूर. हे महिन्याचे तिकीट देशभरातल्या स्थानिक गाड्यांना चालते आणि विमानतळाची एस-१ त्यात येतेच. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. आयसीईला ते चालत नाही.

गोम अशी की ही वर्गणी आहे. आपोआप पुढच्या महिन्यात जाते. ज्या महिन्याअखेरीस बंद व्हायला हवी, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. आई-बाबा परत गेले आणि खात्यातून पैसे जातच राहिले, असे बऱ्याच घरांत झाले आहे. तिकीट काढतानाच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. शिवाय ते तिकीट नावावर असते. एकाचे दुसऱ्याला चालत नाही आणि तपासनीस पासपोर्ट मागू शकतो.

चार-पाच दिवसांसाठीच कोणी येत असेल तर हॅम्बुर्ग कार्ड बघा. त्यात याच गाड्यांचा प्रवास येतो आणि पाच जणांपर्यंतच्या गटासाठीही ते मिळते.

५. विमानतळाला जाणारी गाडी वाटेत अर्धी तुटते असे ऐकले. खरे आहे का?

अगदी खरे आहे, आणि या पानावरची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. शहरातून निघणारी एस-१ गाडी साधारणपणे सहा डब्यांची असते, म्हणजे तीन-तीन डब्यांचे दोन संच एकमेकांना जोडलेले. ओल्सडॉर्फला हे दोन संच वेगळे होतात. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात. मागचे तीन डबे पॉपनब्यूटल या दुसऱ्याच टोकाच्या स्थानकाला जातात.

आपल्याकडे कल्याणला कर्जत आणि कसारा असे दोन फाटे फुटतात, पण तिथे गाडी अख्खीच्या अख्खी एका फाट्याला लागते. कर्जत लोकलमध्ये कुठेही बसा, कर्जतच येणार. हीच सवय हॅम्बुर्गमध्ये घात करते. पाटीवर 'एअरपोर्ट' वाचून माणूस समोर आलेल्या पहिल्या दारातून आत शिरतो, बॅगा लावतो, निवांत होतो, आणि वीस मिनिटांनी गाडी भलत्याच दिशेला निघते.

६. मग पुढचे तीन डबे ओळखायचे कसे?

गाडी ज्या दिशेने जाणार, त्या दिशेला फलाटावर चालत राहा आणि अगदी पुढच्या टोकाजवळ उभे राहा. हा एक नियम पाळलात तर एरवी बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही (अपवाद प्रश्न १९ मध्ये). बॅगा जड असल्या की जिना संपतो तिथेच थांबावेसे वाटते, ते करू नका.

मदतीला इतर गोष्टी आहेतच. फलाटावरच्या फलकावर एअरपोर्ट आणि पॉपनब्यूटल अशी दोन्ही नावे येतात, आणि कोणता भाग कुठे जाणार ते दाखवतात. डब्याच्या बाहेर आणि आत त्या त्या संचाचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, म्हणून दारातून शिरताना वर एकदा नजर टाका. गाडीत जर्मन आणि इंग्रजीत घोषणा होते. तरीही शंका वाटली तर शेजारच्या माणसाला फक्त 'एअरपोर्ट?' एवढे विचारा. हॅम्बुर्गची माणसे अबोल वाटली तरी या एका प्रश्नाला लगेच उत्तर देतात, कारण बॅगा घेऊन मागच्या डब्यात बसलेला पाहुणा त्यांनी अनेकदा पाहिलेला असतो.

७. मागच्या डब्यात बसलोय हे गाडी सुटल्यावर कळले. आतल्या आत पुढे चालत जाता येईल का?

नाही. २०१८ पासून आलेल्या नव्या ४९० मालिकेच्या गाड्यांमध्ये तीन डबे आतून सलग आहेत, पण एका संचातून दुसऱ्या संचात जायला आतून वाट नाही. म्हणजे जी सीमा तुम्हाला ओलांडायची आहे, नेमकी तीच बंद.

घाबरू नका, वेळ भरपूर आहे. पुढच्या कोणत्याही स्थानकावर उतरा, फलाटावरून पुढे चाला आणि पुढच्या संचात चढा. एकटे असाल आणि सामान कमी असेल तर हे सहज होते. लहान मुले आणि चार बॅगा असतील तर वाटेत धावपळ करू नका, ओल्सडॉर्फपर्यंत जा. संच सुटे करायला गाडी तिथे थोडी थांबते. दार उघडताच उतरून पुढे जा. पुढचा संच निघून गेला तरी बिघडत नाही, पुढच्या गाडीचा विमानतळाचा भाग त्याच फलाटावर येईल. दारे आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावे लागते. या गडबडीत नेमके तेच विसरते.

८. झोप लागली आणि पॉपनब्यूटलकडे निघालो. आता काय?

ओल्सडॉर्फनंतरचा पहिला थांबा कोर्नवेग. तिथेच उतरा, उलट दिशेची गाडी पकडून एक स्थानक मागे ओल्सडॉर्फला या, आणि विमानतळाच्या पुढच्या गाडीत बसा. पंधरा-वीस मिनिटे जातील. 'शेवटपर्यंत जाऊन मग बघू' असे करू नका. ओल्सडॉर्फबाहेर टॅक्सीही मिळते, आणि तिथून विमानतळ जवळ असल्याने भाडे फार होत नाही. विमानाला खरोखरच उशीर होत असेल तर तो मार्ग घ्या.

९. विमानतळाहून शहरात येतानाही डबा बघून बसावे लागते का?

नाही. येताना कोणत्याही डब्यात बसा. ओल्सडॉर्फला पॉपनब्यूटलहून आलेला संच तुमच्या संचाला जोडला जातो आणि सगळी गाडी शहराकडे निघते. जोडताना हलका धक्का जाणवू शकतो आणि गाडी जरा वेळ उभी राहते. बिघाड झाला असे समजून उतरू नका.

१०. एवढा घोळ कशाला? दोन्हीकडे स्वतंत्र गाड्या का सोडत नाहीत?

रागावून विचारला जाणारा प्रश्न आहे, पण उत्तर समजले की राग जातो. ओल्सडॉर्फपासून शहरापर्यंत रुळांची एकच जोडी आहे आणि पुढे शहराखालच्या बोगद्यात या लाइनला दुसऱ्या लाइनच्या गाड्या येऊन मिळतात. दोन्ही टोकांना दर १० मिनिटांनी स्वतंत्र गाडी द्यायची तर त्या गर्दीच्या बोगद्यात दुप्पट जागा लागेल. गाडी वाटेत विभागली की बोगद्यात जागा एकाच गाडीची लागते आणि दोन्ही टोकांना दर १० मिनिटांनी सेवा मिळते. विमानतळाच्या तीन किलोमीटरच्या फाट्यावर सहा डबे न्यायची एरवी गरजही नसते.

माझ्या मते ही रचना उत्तम आहे. परक्या माणसाला ती आधी कुणीतरी सांगायला हवी, एवढेच.

११. यू-१ लाइनवर फुल्सब्यूटल नावाचे स्थानक आहे आणि विमानतळही फुल्सब्यूटललाच आहे. तिथे उतरले तर चालेल?

नको. फुल्सब्यूटल हा भाग आहे आणि विमानतळाला जुन्या सवयीने तेच नाव लावतात. (२०१६ पासून त्याचे अधिकृत नाव माजी चान्सलर हेल्मुट श्मिट यांच्यावरून आहे.) यू-१ ची फुल्सब्यूटल आणि फुल्सब्यूटल नोर्ड ही स्थानके टर्मिनलच्या दारात नाहीत. नकाशावर जवळ दिसतात, पण बॅगा ओढत जाण्यासारखे ते अंतर नाही.

यू-१ ने येत असाल तर ओल्सडॉर्फला उतरून एस-१ धरा. वांड्सबेकर शोसे, हाउप्टबानहोफ आणि युंगफर्नश्टीग इथेही या दोन लाइन भेटतात. मात्र एस-१ मध्ये चढताना प्रश्न ६ लागू होतोच.

१२. पहाटे सहाचे विमान आहे. गाडी मिळेल का?

आठवड्याच्या मधल्या रात्री एस-१ मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने बंद होते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. शुक्रवार-शनिवार आणि शनिवार-रविवार यांमधल्या रात्री एस-बान रात्रभर चालते. सहाच्या विमानाला पहिली गाडी कशीबशी पुरते, पण ती रद्द झाली तर हातात काही उरत नाही. अशा वेळी रात्रीची बस किंवा आधी ठरवलेली टॅक्सी बरी. नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी ॲपवर बघा. रात्री उशिरा रुळांची कामे काढतात, त्यामुळे गेल्या आठवड्यात होती ती गाडी आज असेलच असे नाही.

१३. आई-बाबा एकटेच उतरणार आहेत, मला विमानतळावर जायला जमणार नाही. त्यांना झेपेल का?

शहरात येण्यापुरते नक्की झेपेल, कारण चुकीची गाडी पकडणे शक्यच नाही (प्रश्न १ आणि ९). त्यांचे तिकीट आधीच काढून फोनवर पाठवा आणि कागदावरही छापून द्या. त्यांना कोणत्या स्थानकावर उतरायचे ते देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही लिहून द्या. हाउप्टबानहोफला उतरवू नका, तिथली गर्दी आणि असंख्य जिने पाहून माणूस गोंधळतो. जमत असेल तर त्याआधीच्या बार्मबेक किंवा वांड्सबेकर शोसे अशा आटोपशीर स्थानकावर तुम्ही फलाटावरच उभे राहा.

चाकाच्या खुर्चीसाठी विमानतळाच्या स्थानकात लिफ्ट आहे. जिथे उतरणार तिथली लिफ्ट चालू आहे ना, ते मात्र त्या दिवशी ॲपवर तपासा.

परतीला त्यांना एकटे पाठवू नका. निदान पुढच्या संचात बसवून, शेजारच्या कुणाला सांगून मग खाली उतरा.

१४. हारबुर्गच्या तांत्रिक विद्यापीठात किंवा फिंकनवेर्डरच्या एअरबसला जायचे आहे.

हारबुर्गसाठी हाउप्टबानहोफला एस-३ किंवा एस-५ मध्ये बदला आणि हारबुर्ग राटहाउसला उतरा. फिंकनवेर्डरसाठी एस-१ मध्येच बसून राहा. लांडुंग्सब्र्यूकनला उतरून ६२ क्रमांकाची फेरीबोट घेता येते, किंवा आल्टोनाहून १५० क्रमांकाची बस. फेरीबोटीला तेच तिकीट चालते. पहिल्याच दिवशी एल्ब नदीवरून जायला मिळत असेल तर बस सोडा आणि बोट घ्या, असे मी सगळ्यांना सांगतो.

१५. पहिल्या वर्गाचा किंवा बायकांचा वेगळा डबा असतो का? सायकल नेता येते का?

दोन्ही डबे नसतात. सायकल फुकट नेता येते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळांत नाही. गाडीत आणि फलाटावर धूम्रपानाला बंदी आहे, गाडीत मद्यपानालाही.

१६. वर विजेची तारच नाही. गाडी चालते कशावर? आणि फोन रुळांत पडला तर?

दोन प्रश्न आहेत, पण उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. मुंबईच्या लोकलला डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा पुरवठा मिळतो. हॅम्बुर्गच्या एस-बानला रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून १,२०० व्होल्टची एकदिश वीज मिळते. तारेसाठी उंची लागत नसल्याने बोगदा बुटका ठेवता येतो.

म्हणूनच फोन, पासपोर्ट, काहीही पडले तरी खाली उतरू नका. आपल्याकडे रूळ ओलांडायची सवय असलेल्यांना हे मी हात जोडून सांगतो. जीवघेणी वीज इथे डोक्यावर नाही, पायाशी आहे. फलाटावरच्या मदतखांबाचे बटण दाबा आणि कर्मचाऱ्यांना बोलवा.

१७. एवढा जुना विमानतळ, मग स्थानक इतके नवे कसे?

हा विमानतळ १९११ साली हवाई जहाजांसाठी, म्हणजे झेपेलिनसाठी सुरू झाला, आणि तेव्हापासून त्याच जागी आहे. गंमत अशी की ओल्सडॉर्फला रेल्वे त्याच्याही आधी पोहोचली होती. ब्लांकनेझहून शहरातून येणारी ही लाइन डिसेंबर १९०६ मध्ये सुरू झाली. ओल्सडॉर्फला १८७७ पासून शहराची विस्तीर्ण दफनभूमी आहे. ती जगातल्या सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक आहे, आणि झाडी-तळ्यांमुळे लोक तिथे फिरायलाही जातात. १९१८ मध्ये रूळ पॉपनब्यूटलपर्यंत गेले.

विमानतळाकडचे शेवटचे तीन किलोमीटर मात्र राहून गेले. प्रवाशांना ओल्सडॉर्फला उतरून बस धरावी लागे. २००१ मध्ये काम सुरू झाले, बहुतेक मार्ग बोगद्यातून नेला, आणि ११ डिसेंबर २००८ रोजी हे स्थानक खुले झाले. ज्यांनी त्याआधी हिवाळ्यात बॅगा घेऊन ओल्सडॉर्फच्या बसथांब्यावर वाट पाहिली आहे, त्यांना या फाट्याची किंमत विचारा.

१८. ओल्सडॉर्फ ते विमानतळ मार्ग बंद असेल तर?

ओल्सडॉर्फहून बदली बस सोडतात. तिला गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि सामानाला जागा कमी. शहर ते ओल्सडॉर्फ मार्ग बंद असेल तर यू-१ ने ओल्सडॉर्फ गाठा आणि तिथून पुढे जा. हा पर्याय बहुतेकांना सुचत नाही.

१९. फलाटावर आलेली गाडी तीनच डब्यांची आहे, किंवा सहा डबे असून सगळ्यांवर एकच नाव आहे. आता पुढचे-मागचे कसे ठरवायचे?

असे कधी कधी होते, विशेषतः वेळापत्रक बिघडले की. तेव्हा गाडी विभागली जात नाही, सगळी एकाच टोकाला जाते. दुसरीकडे जाणाऱ्यांनी ओल्सडॉर्फला बदलायचे असते. अशा वेळी प्रश्न ६ चा नियम बाजूला ठेवा आणि डब्यावरचे नाव खरे माना. तिथे पॉपनब्यूटल लिहिले असेल तरी गाडी सोडू नका. ओल्सडॉर्फपर्यंत तीच नेईल, तिथे उतरा आणि फलक बघा. पुढची विमानतळाची गाडी किंवा बस तिथे दाखवलेली असेल. विमानाच्या दिवशी अशा प्रसंगासाठी घरातून अर्धा तास जादा घेऊन निघा.